होडीच्या इंजिनाचा पाण्याचा पंप : कधी आणि कसा बदलावा

गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या दोन महिन्यांत होड्या वाळूवर वर ओढून झापांखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवल्या जातात. जाळी विणली जातात, फळ्यांच्या सांध्यांची डागडुजी होते, नवा रंग चढतो. इंजिनाचे तेल आणि प्लग बदलण्याचीही आठवण बहुतेकांना असते. मात्र इंजिनाच्या पाण्याखालच्या भागात दडलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या रबरी चक्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते चक्र म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर. इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य असते, परंतु तो फाटला तर भरधाव चालणारे इंजिन काही मिनिटांत तापून जाम होऊ शकते.

असा बिघाड कोठे होतो, यावर त्याचे गांभीर्य ठरते. शांत नदीपात्रात इंजिन बंद पडले तर वल्ह्यांनी किनारा गाठता येतो. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ, शापोऱ्याच्या मुखाशी किंवा बेतूल येथे साळ नदी समुद्राला मिळते तेथे मात्र स्थिती निराळी असते. वाळूच्या बांधावर लाटा फुटतात आणि ओहोटीचा ओढ विरुद्ध दिशेने असतो. अशा ठिकाणी होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवण्याचे एकमेव साधन इंजिन असते. ते थांबले की होडी आडवी होते आणि आडवी झालेली होडी उलटायला एक लाट पुरते. म्हणूनच पंपाची देखभाल हा केवळ इंजिनाच्या आयुष्याचा प्रश्न राहत नाही. तो होडीतील माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

पंपाचे कार्य

मोटारगाडीच्या इंजिनात तेच ते पाणी रेडिएटरमधून फिरत राहते. होडीच्या मागच्या फळीवर टांगलेले आउटबोर्ड इंजिन मात्र ज्या पाण्यावर चालते, तेच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते. पंख्याच्या पुढे, गिअरपेटीच्या दोन्ही बाजूंना जाळीदार फटी असतात. त्यांतून पाणी आत येते. गिअरपेटीच्या माथ्यावर, उभ्या ड्राइव्ह शाफ्टभोवती पंप बसवलेला असतो. पंप हे पाणी एका उभ्या नळीतून वर इंजिनाच्या मुख्य भागात ढकलतो. तेथील उष्णता घेऊन बहुतेक पाणी धुराबरोबर पाण्याखालीच बाहेर पडते. त्यातील थोडा अंश इंजिनाच्या मागील वा बाजूच्या छिद्रातून बारीक धारेच्या रूपाने बाहेर येतो. ही निदर्शक धार म्हणजे पंप चालू असल्याची चालकाला डोळ्यांनी दिसणारी खूण होय.

पंपाची रचना साधी आहे. गोल पोकळी असलेल्या घरात, मध्यबिंदूपासून किंचित बाजूला, लवचीक पात्यांचे रबरी चक्र फिरते. पोकळीची भिंत ज्या बाजूला जवळ असते तेथे पाती वाकतात आणि दूर असते तेथे उलगडतात. उलगडताना दोन पात्यांमधील जागा वाढून पाणी आत खेचले जाते आणि वाकताना तेच पाणी बाहेर रेटले जाते. इंजिन मंद गतीने चालते तेव्हा पाण्याचा पुरवठा सर्वस्वी पात्यांच्या या घट्ट टेकण्यावर अवलंबून असतो. वेग वाढल्यावर पाती पाण्याच्या दाबाने वाकलेलीच राहतात आणि चक्राच्या फिरण्याच्या जोराने पाणी फेकले जाते. झिजलेल्या पंपाची पहिली लक्षणे पुष्कळदा मंद गतीवर दिसतात, ती याच कारणामुळे.

या रबराला वंगण म्हणून दुसरे काहीही लागत नाही. पाणी हेच त्याचे वंगण. त्यामुळे इंजिन जमिनीवर असताना, आत पाणी नसताना, 'फक्त सुरू होते का ते पाहू' म्हणून चालवून पाहणे घातक ठरते. कोरड्या घरावर घासून पाती काही सेकंदांत तापू लागतात आणि अर्ध्या-एक मिनिटात कायमची खराब होऊ शकतात. चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. नुकसान किनाऱ्यावर होते आणि त्याचा परिणाम समुद्रात कळतो.

झीज कशामुळे होते

पहिले कारण वाळू आणि गाळ. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी डोंगरातील माती घेऊन वाहतात आणि मुखाजवळचे पाणी गढूळ होते. किनाऱ्यावर थेट लागणाऱ्या होड्यांचा पंखा उथळ पाण्यात तळाची वाळू ढवळतो आणि तीच वाळू पंपात जाते. पर्यटकांची चढ-उतार करण्यासाठी दिवसातून अनेकदा वाळूला लागणाऱ्या बोटींमध्ये ही झीज विशेष वेगाने होते. वाळूचे कण पात्यांच्या कडा घासतात आणि पोलादी घरावर चरे पाडतात.

दुसरे कारण म्हणजे न वापरता पडून राहणे. इंजिन दोन महिने बंद असताना काही पाती सतत वाकलेल्याच स्थितीत राहतात. रबर ते वळण धरते आणि पुन्हा पूर्ण उलगडत नाही. आत राहिलेले खारे पाणी सुकून मिठाचे खडे तयार होतात आणि पाती भिंतीला चिकटतात. मोसमाच्या पहिल्या दिवशी जोराने इंजिन सुरू केले की चिकटलेले पाते मुळाशी फाटते. म्हणूनच कमी वापरलेल्या इंजिनाचा पंप चांगलाच असणार, हा समज खोटा ठरतो.

तिसरे कारण रबराचे वय. काळाबरोबर रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. बदलाचे वेळापत्रक प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. सर्वसाधारणपणे दरवर्षी तपासणी आणि दोन-तीन वर्षांत बदल, अशी शिफारस असते. वाळूच्या किनाऱ्यावर आणि गढूळ मुखांत रोज चालणाऱ्या होडीसाठी मात्र प्रत्येक मोसमाच्या आरंभी नवा इम्पेलर बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

लक्षणे आणि निदान

निदर्शक धार बारीक होणे, तुटक पडणे, मंद गतीवर नाहीशी होणे किंवा धारेतून कढत पाणी अथवा वाफ येणे, ही मुख्य लक्षणे. नव्या इंजिनांत तापमान वाढल्यास भोंगा वाजतो आणि वेग आपोआप कमी केला जातो. जुन्या लहान इंजिनांत अशी सोय नसते. तेथे तापलेल्या रंगाचा वास, शक्ती घटणे आणि इंजिनाचा आवाज जड होणे, यांवरूनच ओळखावे लागते.

धार थांबली म्हणजे पंपच गेला, असा निष्कर्ष लगेच काढू नये. प्रथम वेग कमी करून, होडी सुरक्षित जागी आणून इंजिन बंद करावे आणि वर उचलून पाहावे. पाणी आत घेण्याच्या फटींवर प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ किंवा जाळ्याचा तुकडा बसलेला असणे हे अगदी नेहमीचे कारण आहे. त्यानंतर धारेच्या छिद्रात मऊ बारीक तार घालून पाहावी. तेथे वाळूचा कण, मिठाचा खडा किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर अडकलेले असू शकते. हे दोन्ही मार्ग मोकळे असूनही धार येत नसेल, तर पंपाकडे वळावे.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. धार जोरदार असली तरी इंजिन तापू शकते. थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा इंजिनातील पाण्याच्या वाटा क्षारांनी बुजल्या असतील, तर पाणी धारेच्या फाट्यापर्यंत पोहोचते, पण सिलिंडरभोवती पुरेसे फिरत नाही. धार ही पंपाची साक्ष आहे. संपूर्ण यंत्रणा निर्दोष असल्याचा तो दाखला नव्हे.

बदलापूर्वीची तयारी

केवळ रबरी चक्र विकत घेण्याऐवजी पंपाचा पूर्ण संच घ्यावा. त्यात सामान्यतः इम्पेलर, त्याला शाफ्टशी जोडणारी छोटी धातूची चावी, गॅस्केट, ओ-रिंग, खालची पोलादी चकती आणि घराच्या आतील पोलादी पेला असतो. इंजिनाच्या पट्टीवरील मॉडेल आणि अनुक्रमांक पाहूनच संच मागावा. एकाच अश्वशक्तीच्या दोन इंजिनांचे इम्पेलर दिसायला सारखे, पण मापाने वेगळे असू शकतात.

योग्य मापाचे पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, गंज सोडवणारे तेल, समुद्री वापराचे ग्रीस, टॉर्क पाना आणि साबणाचे पाणी एवढे साहित्य पुरते. इंजिन स्टँडवर किंवा फळीवर घट्ट बसवलेले असावे. काम सुरू करण्यापूर्वी किल्ली आणि सुरक्षा दोरी काढावी, बॅटरी असल्यास तिची जोडणी सोडवावी आणि प्लगच्या वायरी काढून ठेवाव्यात. काम करताना पंखा किंवा शाफ्ट हाताने फिरवावा लागतो. अशा वेळी इंजिनाने अनपेक्षित झटका घेतला तर बोटे जायची भीती असते.

पंप बाहेर काढणे

पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गिअर ठरलेल्या स्थितीत ठेवावा. ही स्थिती कंपनीनुसार बदलते. त्यानंतर गिअर बदलणाऱ्या दांड्याची जोडणी सोडवावी. काही इंजिनांत ती बाहेरून दिसते, तर काहींत रबरी झाकणामागे असते. ही जोडणी विसरून खालचा भाग ओढला की दांडा वाकतो आणि नवेच काम उभे राहते.

गिअरपेटी वरच्या पायाला काही बोल्टांनी जोडलेली असते. मोठ्या इंजिनांत त्यांपैकी एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या पात्यासारख्या भागाखाली लपलेला असतो. तो भाग काढण्यापूर्वी त्याची दिशा खूण करून ठेवावी, कारण सुकाणू एका बाजूला ओढू नये म्हणून तो ठरावीक कोनात बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत अडकून बसतात. अशा बोल्टावर जोर करण्यापूर्वी गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवावा. घाईत तुटलेला बोल्ट बाहेर काढण्यात पंप बदलण्याहून अधिक वेळ जातो.

बोल्ट निघाल्यावर गिअरपेटी सरळ खाली उतरवावी. ती जड असल्याने दुसऱ्या माणसाने आधार द्यावा. सांधा सुटत नसेल तर रबरी हातोडीने हलके ठोकावे. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. त्याने सपाट पृष्ठभागाला कायमचे खड्डे पडतात.

बाहेर काढलेला भाग लाकडी ठोकळ्यांमध्ये उभा धरून पक्का करावा. आता ड्राइव्ह शाफ्टभोवती पंपाचे घर दिसते. उकलताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर छायाचित्र घेतल्यास भागांचा क्रम चुकत नाही. घराचे बोल्ट काढून ते शाफ्टवरून वर सरकवावे. त्याखाली इम्पेलर, चावी, पोलादी चकती आणि गॅस्केट या क्रमाने निघतात. चावी लहान आणि निसटती असते. तेव्हा खाली कापड पसरलेले असावे. शाफ्ट मात्र वर खेचू नये. काही मॉडेलांत त्यामुळे गिअरपेटीच्या आतील रचना विस्कळीत होते.

तपासणी : हरवलेला तुकडा

जुना इम्पेलर फेकून देण्यापूर्वी त्याची पाती मोजणे, ही या कामातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी पायरी आहे. एखादे पाते अर्धवट किंवा पूर्ण तुटलेले असेल, तर तो तुकडा गेला कोठे, हे शोधलेच पाहिजे. पंपाचा प्रवाह वरच्या दिशेने असल्यामुळे तुकडा उभ्या नळीत, थर्मोस्टॅटजवळ किंवा सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटेत जाऊन बसतो. तो तसाच ठेवून नवा पंप बसवला तर धार पुन्हा वाहू लागते आणि काम झाल्याचे समाधानही मिळते. पण इंजिनाचा एखादा कोपरा पाण्याविना तापत राहतो आणि पुढचा बिघाड पहिल्याहून मोठा असतो.

तुकडा शोधण्यासाठी थर्मोस्टॅट काढून पाहावा आणि वरून उलट दिशेने गोड्या पाण्याचा प्रवाह सोडावा. नळी खालून मोकळी असल्याने अडकलेले तुकडे बहुधा बाहेर पडतात. मिळालेले सर्व तुकडे जुन्या चक्राशी जुळवून पाहावेत. पाते पूर्ण होईपर्यंत शोध संपला, असे मानू नये.

इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून राहिली असतील, कडा झिजल्या असतील किंवा मुळाशी भेगा असतील, तर तो निकामी समजावा. मधला धातूचा भाग आणि रबर यांची पकड सुटलेली नाही ना, हेही हाताने पिळून पाहावे. ती सुटली तर शाफ्ट फिरतो, पण चक्र जागच्या जागी राहते. पेल्यावर आणि चकतीवर नख फिरवावे. नख अडकेल एवढा चर असेल तर ते भागही बदलावेत. चरे पडलेल्या घरात नवे रबर घालणे म्हणजे नवी झीज विकत घेणे होय.

गिअरपेटी उघडलेलीच आहे, तेव्हा तिच्या तेलाचीही पाहणी करून घ्यावी. तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे आणि सील बदलणे आवश्यक आहे. जुने तेल नदीत किंवा वाळूत न ओतता डब्यात साठवून गॅरेजकडे द्यावे.

नवा पंप बसवणे

सपाट पृष्ठभागावरील जुन्या गॅस्केटचे अवशेष अलगद खरवडून साफ करावेत. नवे गॅस्केट आणि चकती बसवावी. शाफ्टच्या खाचेत चावी थोड्या ग्रीसने चिकटवावी, म्हणजे ती पडत नाही. इम्पेलर शाफ्टवरून खाली सरकवताना त्याची खाच चावीवर बरोबर बसली पाहिजे.

घर खाली दाबताना पेल्याच्या आत साबणाचे पाणी लावावे. आता शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवत घर खाली उतरवावे, म्हणजे सर्व पाती एकाच, योग्य दिशेने वाकतात. बहुसंख्य आउटबोर्ड इंजिनांचा शाफ्ट याच दिशेने फिरतो. तरीही पुस्तिकेत खात्री करून घ्यावी. एकदा पाती बसल्यावर शाफ्ट उलट फिरवू नये. घराचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आणि ठरलेल्या टॉर्कनेच आवळावेत. आट्यांना समुद्री ग्रीस लावल्यास पुढच्या वर्षी ते सहज निघतात.

शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावावे, पण अगदी टोकावर साठू देऊ नये. टोकावर दबलेले ग्रीस शाफ्टला पूर्ण वर जाऊ देत नाही. गिअरपेटी वर चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : उभी नळी पंपाच्या रबरी सीलमध्ये, गिअरचा दांडा त्याच्या जोडणीत आणि शाफ्टचे दात इंजिनाच्या दातांत. दात जुळत नसतील तर इंजिनाचे वरचे चाक त्याच दिशेने थोडेसे फिरवावे. फट हाताच्या जोरानेच मिटली पाहिजे. उरलेली फट बोल्टांनी ओढून मिटवण्याचा प्रयत्न केला, तर नळी चेपते किंवा पेटीला तडा जातो. पंप नवा असूनही पाणी न चढण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे सीलमध्ये नीट न बसलेली नळी.

चाचणी

इंजिन सुरू करण्यापूर्वी पुढे, मध्ये आणि मागे असे तीनही गिअर हाताने तपासावेत. नंतर पंखा काढून, पाण्याच्या फटी पूर्ण बुडतील एवढे पाणी भरलेल्या पिंपात इंजिन उभे करावे आणि मंद गतीवर चालवावे. काही क्षणांतच धार दिसू लागावी. अर्ध्या मिनिटात ती आली नाही तर इंजिन बंद करून कारण शोधावे. धार सुरू झाल्यावर दहा मिनिटे इंजिन चालवून ते अवाजवी तापत नाही ना, हे पाहावे. पहिली फेरी मुखाबाहेर न नेता नदीपात्रातच करावी.

अन्य प्रकारच्या बोटी

सर्व बोटींत पंप याच जागी नसतो. आतल्या इंजिनाला बाहेरचे चालन-यंत्र जोडलेल्या बोटींत दोन पद्धती आढळतात. मर्क्रुझरच्या अल्फा मालिकेत पंप चालन-यंत्राच्या खालच्या भागात असतो आणि बदलाची रीत वरीलप्रमाणेच असते. त्याच कंपनीच्या ब्राव्हो मालिकेत तो इंजिनावर बसवलेला असतो. ज्या डिझेल बोटींत समुद्राचे पाणी ओढणारा रबरी पंप इंजिनाच्या बाजूला असतो, तेथे पुढील झाकणाचे स्क्रू काढले की इम्पेलर दिसतो. तेथे काम सोपे असले तरी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करणे अनिवार्य आहे, अन्यथा पाणी थेट बोटीत येते.

नित्य निगा

प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुणे हा पंपाचे आयुष्य वाढवणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उथळ पाण्यात वाळू ढवळत असेल तर इंजिन थोडे उचलून मंद गतीने चालावे, मात्र फटी पाण्याखालीच राहतील याची काळजी घ्यावी. बंदीच्या काळात इंजिन उभे ठेवावे, म्हणजे आतील पाणी निथळून जाते. नवा इम्पेलर जुलैच्या अखेरीस बसवावा. मे महिन्यात बसवलेला दोन महिने वाकलेल्या स्थितीत पडून राहतो.

होडीवर एक जादा संच, आवश्यक पाने, नांगर, वल्ही आणि सर्वांसाठी जीवरक्षक जाकिटे असावीत. भर समुद्रात गिअरपेटी उकलणे बहुधा शक्य होत नाही. तेथे इंजिन थांबवून नांगर टाकणे आणि मदत मागणे हेच योग्य. सागरी शोध आणि बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, तर व्हीएचएफ संचावर वाहिनी १६ आणीबाणीसाठी राखीव असते.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मोसमाची सुरुवात करण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे. त्याआधी एक दिवस पंपासाठी द्यावा. आणि नंतर प्रत्येक वेळी, मुखाकडे वळण्यापूर्वी, मान वळवून धार पाहावी. ती नसेल तर होडी मागे फिरवावी.